वनस्पतींचे पारखी : इब्ने बैतार

चिंचेचे झाड तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. घरी तुम्ही त्या फळाला इमली म्हणता. मराठीच्या तासाला चिंच म्हणता. इंग्रजीच्या पुस्तकात त्याचे नाव टॅमरिंड असे वाचता. हा इंग्रजी शब्द कुठून आला, ठाऊक आहे? अरबांनी चिंचेला तमरे हिंदी, म्हणजे हिंदुस्थानचे खजूर, असे नाव दिले होते. चिंच आणि खजूर यांचे काही नाते नाही. पण काळपट, चिकट आणि आत कठीण बी असलेले हे फळ पाहून त्यांना आपले खजूर आठवले असावे. तेच नाव पुढे युरोपात गेले आणि टॅमरिंड झाले.

चिंचेच्या बाबतीत नावांचा गोंधळ झाला तर फार मोठे नुकसान नाही. पण औषधाच्या बाबतीत काय होईल, याचा विचार करा. हकीमसाहेबांनी नुस्ख्यात एका बुटीचे नाव लिहिले. ते नाव ग्रीक भाषेतले आहे. दुकानदाराला ग्रीक येत नाही. त्याने अंदाजाने दुसरीच बुटी दिली. रोगी ती प्याला आणि दगावला. जुन्या काळी ही भीती नेहमीचीच होती. कोथिंबीर, जिरे, ओवा, बडीशेप या सगळ्या वनस्पती एकाच कुळातल्या आहेत. त्यांची फुले छत्रीसारख्या गुच्छात येतात. त्याच कुळात, त्याच छत्रीसारख्या फुलांची शौकरान नावाची वनस्पती आहे. सुकरातला जो विषाचा प्याला देण्यात आला, तो याच शौकरानचा होता. एकाच कुळातली एक बहीण पोटदुखी थांबवते आणि दुसरी प्राण घेते. ज्याला ओळख नाही, त्याने त्या कुळातल्या रानटी झाडाला हात न लावलेलाच बरा.

ही ओळख पटवण्याच्या कामात ज्यांनी आपले सारे आयुष्य घालवले, त्यांचे नाव झियाउद्दीन अबू मुहम्मद अब्दुल्लाह इब्ने अहमद. जग त्यांना इब्ने बैतार या नावाने ओळखते. बैतार म्हणजे जनावरांचा वैद्य, हे तुम्हांला उर्दूमुळे माहीत असेलच. त्यांचे घराणे जनावरांवर उपचार करणाऱ्यांचे होते, हे या नावावरून दिसते. त्यांचा जन्म इ. स. ११९७ च्या सुमारास मलागा या शहरी झाला. हे शहर आजच्या स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. त्या वेळी हा मुलूख अंदलुस म्हणून ओळखला जाई आणि तेथे मुसलमानांचे राज्य होते.

त्यांची कथा सांगण्यापूर्वी आपण थोडे मागे जाऊ. ते ज्या वाटेने चालले, ती वाट त्यांच्या आधी अडीचशे वर्षांपासून तयार होत होती.

पहिल्या शतकात दियास्कोरीदूस नावाचे एक ग्रीक वैद्य होऊन गेले. त्यांचा जन्म आजच्या तुर्कस्तानात असलेल्या एका गावी झाला होता. त्यांनी औषधी द्रव्यांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात सुमारे सहाशे वनस्पतींचे वर्णन होते. नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफान नावाच्या विद्वानाने या ग्रंथाचे अरबी भाषांतर केले आणि हुनैन इब्ने इसहाक या थोर भाषांतरकाराने ते तपासले. हे दोघेही ख्रिस्ती होते. इस्तिफान यांची एक गोष्ट मला फार आवडते. ज्या वनस्पतीचे अरबी नाव त्यांना सापडले, तेथे त्यांनी ते लिहिले. जे सापडले नाही, तेथे त्यांनी खोटा अंदाज केला नाही. ग्रीक शब्दच जसाच्या तसा अरबी अक्षरांत लिहून ठेवला. पुढे अल्लाह कोणा जाणकाराला पाठवील आणि तो याचा उलगडा करील, अशी त्यांची आशा होती. परीक्षेत उत्तर येत नसताना काहीतरी लिहून पान भरणाऱ्या आपल्यापैकी काहींनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे!

हे भाषांतर अंदलुसमध्ये पोहोचले. पण तेथील हकिमांना ते ग्रीक शब्द कोडेच वाटत. मग दहाव्या शतकात एक नवलाची घटना घडली. कॉन्स्टँटिनोपलच्या बादशाहाने इ. स. ९४८ च्या सुमारास कुर्तबाचे खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांना भेटी पाठवल्या. त्यांत दियास्कोरीदूस यांच्या मूळ ग्रीक ग्रंथाची एक सुंदर हस्तलिखित प्रत होती. तिच्यात वनस्पतींची रंगीत चित्रे होती. सोबतच्या पत्रात बादशाहाने कळवले होते की, ग्रीक भाषा आणि औषधी दोन्ही जाणणारा माणूस असल्याशिवाय या ग्रंथाचा उपयोग होणार नाही. आणि खरोखरच कुर्तबात जुनी ग्रीक भाषा वाचणारा कोणी निघाला नाही. पुस्तक खलिफांच्या खजिन्यात तसेच पडून राहिले. चित्रे समोर आहेत, पण खालचे एक अक्षर वाचता येत नाही!

खलिफांनी बादशाहाकडे जाणकार माणूस मागितला. इ. स. ९५१ मध्ये निकोलस नावाचे एक ख्रिस्ती साधू कुर्तबात आले. मग जी मंडळी कामाला बसली, ती पाहण्यासारखी होती. ग्रीक वाचणारे निकोलस ख्रिस्ती, खलिफांचे विश्वासू हकीम हसदाई इब्ने शप्रूत यहुदी, आणि कुर्तबाचे अनेक मुसलमान हकीम. सिसिली बेटावरून आलेले एक मुसलमान जाणकारही त्यांत होते. त्यांना ग्रीक बोलता येई आणि औषधींचीही माहिती होती. नाव वाचायचे, चित्र पाहायचे, कुर्तबाच्या आसपास ती वनस्पती मिळते का ते शोधायचे, तिचा स्थानिक शब्द विचारायचा आणि मग खूण पटली की लिहायचे, असे ते काम चालले. शेवटी जेमतेम दहाएक वनस्पती सोडल्या तर बाकी सर्वांची ओळख पटली.

तेव्हापासून अंदलुसमध्ये वनस्पती ओळखण्याची एक परंपराच सुरू झाली. इब्ने बैतार तिच्यात वाढले. शिक्षणासाठी ते इश्बीलियाला, म्हणजे आजच्या सेव्हिल शहरी, गेले. तेथे त्यांना अबुल अब्बास यांच्यासारखे गुरू लाभले. लोक त्यांना अन-नबाती, म्हणजे वनस्पतींचे जाणकार, असेच म्हणत. वनस्पतिशास्त्राला आपण उर्दूत नबातात म्हणतो, तोच हा शब्द. अबुल अब्बास हे हदीसचेही मोठे विद्वान होते. हदीस ऐकली की ती कोणी सांगितली, त्याला कोणी सांगितली आणि सांगणारे विश्वासू होते का, हे तपासण्याची त्यांना सवय होती. वनस्पतींच्या बाबतीतही त्यांनी तीच शिस्त लावली. स्वतः पाहिलेले कोणते आणि केवळ ऐकलेले कोणते, हे ते वेगळे ठेवत. हजला जाताना त्यांनी मिसर, हिजाझ, इराक आणि शाम या देशांतील वनस्पती पाहिल्या आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. मिसरच्या सुलतानाने त्यांना मानाची नोकरी देऊ केली होती. पण आपण हजसाठी निघालो आहोत आणि नंतर घरी परतायचे आहे, असे सांगून त्यांनी ती नाकारली.

गुरूंबरोबर इब्ने बैतार इश्बीलियाच्या आसपासच्या रानात हिंडत. ही शिकण्याची पद्धत तुम्ही नीट समजून घ्या. पुस्तकात पानाचे वर्णन एका ओळीत असते. पण तेच झाड पावसानंतर वेगळे दिसते, फुलावर आले की वेगळे आणि बी धरून वाळले की आणखी वेगळे. बाजारात ते आले की फक्त मुळी किंवा सुकलेली काडी उरते. म्हणून जाणकार माणसाबरोबर त्याच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते. पान चोळून वास घ्यावा लागतो, मूळ उकरून पाहावे लागते, आणि आपण सांगितलेले नाव चुकले तर गुरूंचे बोलणेही ऐकावे लागते.

इ. स. १२२० च्या सुमारास इब्ने बैतार अंदलुस सोडून निघाले. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याने बिजाया, ट्युनिस, त्रिपोली अशी गावे घेत ते पूर्वेकडे सरकत राहिले. वाटेत ते तेथील लोकांना विचारत, या झाडाला तुम्ही काय म्हणता आणि कशाला वापरता? हे लोक बर्बर भाषा बोलणारे होते. त्यांच्यापैकी कित्येकांना लिहिता-वाचता येत नसेल. पण त्या डोंगरातल्या झाडांचे जाणकार तेच होते. इब्ने बैतार यांनी त्यांची नावे आदराने टिपून घेतली.

त्यांपैकी एका वनस्पतीची हकिकत त्यांच्या ग्रंथात आहे. तिचे बर्बर नाव आतरीलाल. त्याचा अर्थ पाखराचा पाय. हीसुद्धा त्या ओव्या-जिऱ्याच्या छत्रीवाल्या कुळातलीच. बिजायाच्या भागात राहणारी एक बर्बर टोळी तिच्या बियांनी अंगावरचे पांढरे डाग, म्हणजे कोड, बरे करत असे. दूरदूरचे लोक त्यांच्याकडे उपचारासाठी येत. पण औषध कोणते, हे ते कोणालाच सांगत नसत. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला, असे ते गुपित घरातच राही. शेवटी ते फुटले आणि औषध सगळीकडे पसरले. इब्ने बैतार यांनी उपचाराची रीतही दिली आहे. बियांचे चूर्ण इतर औषधाबरोबर मधात कालवून घ्यायचे आणि डाग उघडे ठेवून कडक उन्हात बसायचे. डागांवर फोड येतात, ते सुकतात आणि कातडीचा रंग परत येऊ लागतो.

केवळ औषध घेऊन भागत नाही, ऊनही लागते, ही गोष्ट त्या काळी कोणाला विचित्र वाटली असेल. पण सातशे वर्षांनी, १९४० नंतरच्या दशकात, कैरो येथील संशोधकांनी याच वनस्पतीच्या बियांतून एक द्रव्य वेगळे काढले. ते पोटात गेले की कातडी सूर्यकिरणांना अधिक जागी होते, असे आढळले. पुढे १९७० नंतरच्या दशकात त्यावरूनच औषध आणि अतिनील किरण अशी जोडीची उपचारपद्धती डॉक्टरांनी तयार केली. मात्र हे औषध सौम्य नाही. प्रमाण चुकले तर कातडी भाजून निघते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

त्रिपोली-बरकाच्या पुढे इब्ने बैतार समुद्रमार्गे आशिया मायनरला गेले. हा दियास्कोरीदूस यांचा मुलूख. ज्या झाडांची ग्रीक नावे अंदलुसमध्ये बसून दोन-तीनशे वर्षे चर्चिली गेली होती, ती झाडे येथे त्यांच्या मूळ जागी उभी होती. ग्रीक बोलणारे जाणकारही येथे होते. इब्ने बैतार त्यांना भेटले, त्यांच्याकडून नावांचे खरे उच्चार शिकले आणि झाडे जागेवर जाऊन पाहिली. पुस्तकातली चूक कोठे आहे आणि भाषांतरातली कोठे, हे त्यांना आता स्वतःच्या डोळ्यांनी कळू लागले.

त्यानंतर ते मिसरला आले. तेथे सुलतान अल-कामिल राज्य करत होते. ते सलाहुद्दीन अय्यूबी यांचे पुतणे. सुलतानांनी इब्ने बैतार यांची योग्यता ओळखली आणि त्यांना मिसरमधील सर्व वनस्पती-जाणकारांचे प्रमुख नेमले. झाडपाला विकणाऱ्या आणि पुरवणाऱ्या लोकांवर असा जाणकार प्रमुख असणे किती गरजेचे होते, हे शौकरानच्या उदाहरणावरून तुमच्या लक्षात आलेच असेल.

सुलतानांच्या सेवेत असताना त्यांचे शामच्या दमिश्क शहरी जाणे होई. तेथे हिजरी ६३३ मध्ये, म्हणजे इ. स. १२३५-३६ च्या सुमारास, एक तरुण हकीम त्यांना भेटले. त्यांचे नाव इब्ने अबी उसैबिआ. पुढे त्यांनी शेकडो हकिमांची चरित्रे लिहिली. इब्ने बैतार यांच्या स्वभावाची आणि शिकवण्याची माहिती आपल्याला मिळते, ती या शिष्यामुळेच.

शिष्य लिहितात की, आपले गुरू वागण्यात अतिशय सभ्य आणि उदार होते. दोघे दमिश्कच्या बाहेर रानात जात आणि तेथे उगवलेल्या वनस्पती पाहत. दियास्कोरीदूस, जालीनूस, गाफिकी अशा मोठमोठ्या लेखकांचे ग्रंथ शिष्य बरोबर बाळगत. एखादी वनस्पती समोर आली की इब्ने बैतार प्रथम तिचे ग्रीक नाव सांगत, आशिया मायनरमध्ये शिकलेल्या उच्चाराने. मग दियास्कोरीदूस यांनी तिचे रूप आणि गुण कसे सांगितले आहेत, ते सांगत. मग जालीनूस काय म्हणतात ते. मग नंतरच्या लेखकांचे मत, त्यांचे मतभेद, आणि कोण कोठे चुकले ते. हे सगळे तोंडपाठ! ती वनस्पती कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या भागात कितव्या क्रमांकावर आहे, तेही ते सांगत. शिष्य नंतर ग्रंथ उघडून ताडून पाहत. तेथे गुरूंच्या बोलण्यातले काहीच चुकलेले किंवा सुटलेले त्यांना आढळले नाही. शिष्याने गुरूंचे म्हणणे पुस्तकाशी ताडून पाहिले, हे मला गैर वाटत नाही. गुरूंनीही जुन्या लेखकांना असेच ताडून पाहिले होते. वर्गात तुम्ही माझी एखादी चूक दाखवलीत तर मला रागवता येणार नाही, ते यामुळेच.

इब्ने बैतार यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे अल-जामे. साधी औषधे आणि खाद्यपदार्थ यांचा तो एक कोशच आहे. त्यात सुमारे १४०० द्रव्यांची माहिती अक्षरांच्या क्रमाने दिली आहे. दीडशेच्या आसपास लेखकांचे आधार त्यांनी घेतले आहेत आणि प्रत्येक मत कोणाचे, हे नाव घेऊन सांगितले आहे. सुमारे तीनशे द्रव्ये तर अशी आहेत, की ती आधीच्या ग्रंथांत आढळत नाहीत. प्रस्तावनेत त्यांनी आपले नियम सांगितले आहेत. स्वतः पाहून आणि अनुभवून जे खरे ठरले, ते घेतले. जे अनुभवाच्या विरुद्ध गेले, ते टाकून दिले, मग लिहिणारा कितीही मोठा असो.

त्यांचा आणखी एक नियम तुम्ही उर्दू वाचणारी मुले चटकन समजाल. बे, ते, नून यांची ओळख नुक्त्यांवर असते, हे तुम्हांला माहीत आहे. 'नबात' या शब्दाचे पहिले दोन नुक्ते वरखाली बदलले की 'बनात' होते. एका क्षणात वनस्पतींच्या मुली झाल्या! हाताने पुस्तके उतरवणाऱ्या कातिबाकडून असे नेहमीच होई. आपल्या ओळखीचा शब्द असेल तर चूक लक्षात येते. पण बर्बर किंवा ग्रीक झाडाचे नाव असेल तर कोण ओळखणार? म्हणून इब्ने बैतार यांनी अवघड नावांपुढे त्यांची अक्षरे आणि जेर-जबर-पेश शब्दांत लिहून ठेवले. नुक्ता पुसला तरी नाव पुसले जाऊ नये, अशी ही काळजी होती. शिवाय एकाच वनस्पतीची अरबी, फारसी, ग्रीक, बर्बर आणि अंदलुसच्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीतली नावे त्यांनी दिली. निरनिराळ्या गावच्या हकिमांना आपण एकाच झाडाविषयी बोलत आहोत, हे त्यामुळे कळू लागले.

त्यांनी इतरही पुस्तके लिहिली. दियास्कोरीदूस यांच्या ग्रंथातील नावांचा उलगडा करणारे एक, आणि रोगांच्या व अवयवांच्या क्रमाने औषधे सांगणारे दुसरे. इब्ने जझला या हकिमांच्या एका प्रसिद्ध पुस्तकातील चुका दाखवणारे तिसरेही आहे. बोलण्यात सभ्य असलेले हे गृहस्थ चुकीच्या बाबतीत मात्र कोणाची भीड धरत नसत.

अल-कामिल यांचे निधन इ. स. १२३८ मध्ये झाले. त्यानंतर त्यांचे पुत्र अस-सालेह यांच्याकडेही इब्ने बैतार यांचा मान तसाच राहिला. पण मलागाला ते पुन्हा परतले नाहीत. तिकडे अंदलुसची शहरे एकामागून एक हातातून जात होती. जेथे निकोलस आणि हसदाई एकत्र बसले होते, ते कुर्तबा इ. स. १२३६ मध्ये गेले. जेथे इब्ने बैतार यांनी पहिल्या बुट्या ओळखल्या, ते इश्बीलिया १२४८ मध्ये गेले. त्याच वर्षी, हिजरी ६४६ मध्ये, दमिश्क येथे इब्ने बैतार यांचे निधन झाले.

त्यांचा ग्रंथ मात्र हकिमांच्या हातांतून फिरत राहिला. एकोणिसाव्या शतकात त्याची जर्मन आणि फ्रेंच भाषांतरे झाली. मूळ अरबी ग्रंथ इ. स. १८७४ मध्ये कैरोजवळच्या बुलाक येथील छापखान्यात चार भागांत छापला गेला. दिल्लीच्या केंद्रीय युनानी वैद्यक संशोधन परिषदेने त्याचे उर्दू भाषांतरही काढले आहे. एखाद्या युनानी महाविद्यालयाच्या वाचनालयात जाण्याची संधी मिळाली, तर तेथे हा ग्रंथ मागून पाहा. उघडलात की 'ते' या अक्षराची पाने काढा. तेथे तुम्हांला तमरे हिंदी भेटेल.